रेडिओ-शांत क्वेसारचा तो अंधुक ठिपका: लहरी नेमक्या येतात कुठून?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. प्रकल्पासाठी घेतलेला एक क्वेसार (दूरच्या दीर्घिकेच्या केंद्रातल्या कृष्णविवरामुळे झळकणारा पिंड) आहे, रेडशिफ्ट (प्रकाशाच्या ताम्रसृतीवरून काढलेलं अंतराचं माप) ०.५, दृश्य प्रकाशात साधारण १८ व्या प्रतीचा, म्हणजे बराच अंधुक. ‘फर्स्ट’ या रेडिओ सर्वेक्षणात त्याच्या जागी काहीच दिसत नाही. पण १.४ गिगाहर्ट्झच्या एका अधिक खोल नकाशात, ५ आर्कसेकंदांच्या बीममध्ये (नकाशात वेगळा दिसू शकणारा सर्वांत लहान आकार), बरोबर त्याच जागी ०.१ मिलिजान्स्कीचा ठिपका आहे (जान्स्की हे रेडिओ प्रवाहाचं एकक). तुमचे मार्गदर्शक म्हणतात की ही यजमान दीर्घिकेतली तारानिर्मिती. तुम्ही वाचलेला शोधनिबंध म्हणतो की रेडिओ-शांत क्वेसारमध्येही कृष्णविवराजवळून सुटणारे छोटे झोत असतात. ठिपका बिंदूसारखा दिसतो म्हणून तुमचा कल झोताकडे आहे, आणि तुम्हाला विचारायचं आहे की यातलं बरोबर कोण.

माझं म्हणणं आधी सांगून टाकते: तुमच्या हातात आज जेवढी माहिती आहे तेवढ्यावर दोघांपैकी कुणालाही बरोबर ठरवता येणार नाही. ठिपका बिंदूसारखा दिसतो हा झोताच्या बाजूचा पुरावा तर मुळीच नाही. खरा प्रश्न ‘झोत की तारे’ असा नाहीच. या ०.१ मिलिजान्स्कीतला किती भाग किती मोठ्या जागेतून येतो, हा प्रश्न आहे. जागेचा आकार कळला की उगमाचे बरेचसे पर्याय आपोआप गळतात. आकार न कळता उगमावर वाद घालायचा तर तो कितीही घालता येतो, आणि या विषयात गेली काही दशकं तो घातला गेला आहे.

थोडी पार्श्वभूमी, कारण गोंधळाचं मूळ नावातच आहे. १९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांनी ३सी २७३ चा वर्णपट उलगडला, रेडशिफ्ट ०.१५८ निघाली आणि क्वेसार हा प्रकार कळला. हे पिंड सापडले ते रेडिओमुळे, त्यामुळे नावातही रेडिओ शिरला (क्वेसार म्हणजे ‘ताऱ्यासारखा दिसणारा रेडिओ उगम’). पण १९६५ मध्येच अॅलन सँडेज यांनी दाखवलं की तसेच निळे, ताऱ्यासारखे दिसणारे, पण रेडिओत न चमकणारे पिंड आकाशात खूप आहेत. आज आपण म्हणतो की सुमारे दहा टक्के क्वेसार रेडिओत प्रखर असतात आणि उरलेले शांत. म्हणजे ज्यांच्यावरून नाव पडलं तेच अल्पसंख्य. १९८९ मध्ये केलरमन आणि सहकाऱ्यांनी पालोमार-ग्रीन यादीतल्या क्वेसारांचं ‘व्हेरी लार्ज अॅरे’ (व्हीएलए) या रेडिओ दुर्बिणीने ५ गिगाहर्ट्झवर निरीक्षण केलं. रेडिओ प्रवाह भागिले निळ्या प्रकाशातला प्रवाह हे गुणोत्तर दहाच्या वर गेलं तर ‘प्रखर’ म्हणायचं, ही रेषा तेव्हापासून रूढ झाली. तुमच्या क्वेसारसाठी मी ढोबळ हिशोब केला तर हे गुणोत्तर ०.२ च्या आसपास येतं. तो निःसंशय शांत गटातला. पण ‘शांत’ म्हणजे ‘मुका’ नव्हे. खोल निरीक्षण केलं की या गटातले बहुतेक क्वेसार काही ना काही रेडिओ ऊर्जा देताना सापडतात.

या गुणोत्तराबद्दल एक सावधगिरी. त्याच्या छेदात दृश्य प्रकाश आहे. क्वेसारसमोर धूळ असेल तर छेद लहान होतो आणि रेडिओत काहीही न बदलता तो ‘अधिक प्रखर’ दिसू लागतो. तुमचा क्वेसार निळा आहे असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा इथे ही अडचण नसावी. पण यादीतल्या लालसर क्वेसारांना हाच हिशोब लावताना आधी धुळीची दुरुस्ती करा.

आता मुख्य गोष्ट. ०.१ मिलिजान्स्की आणि रेडशिफ्ट ०.५ यांवरून १.४ गिगाहर्ट्झवरची तेजस्विता काढली (वर्णपटाचा उतार, म्हणजे वारंवारतेबरोबर प्रवाह बदलण्याचा घातांक, उणे ०.७ धरून), तर ती साधारण ८.५ गुणिले १० चा २२ वा घात वॅट प्रति हर्ट्झ येते. हा आकडा आता तुमच्या मार्गदर्शकांच्या बाजूने वाचू. सामान्य तारानिर्मिती करणाऱ्या दीर्घिकांसाठी जे सूत्र वापरतात त्यात तो घातला तर वर्षाला सुमारे ५० सूर्यवस्तुमानांइतके नवे तारे, असं उत्तर येतं. ताऱ्यांच्या वस्तुमानांचं वाटप वेगळं मानलं तर ३० च्या आसपास. क्वेसारच्या यजमान दीर्घिकेला हा दर अशक्य नाही. झालं, तारे पुरेसे आहेत.

तोच आकडा दुसऱ्या बाजूने वाचू. कृष्णविवराभोवतीच्या चकतीच्या वर अतितप्त, चुंबकीय वायूचा एक थर असतो, त्याला आपण कोरोना म्हणतो. क्वेसारचे क्ष-किरण प्रामुख्याने तिथून येतात. २००८ मध्ये लाओर आणि बेहार यांनी लक्षात आणून दिलं की रेडिओ-शांत क्वेसारांत रेडिओ आणि क्ष-किरण तेजस्वितेचं गुणोत्तर एक लाखात एक इतकं असतं, आणि चुंबकीयदृष्ट्या सक्रिय ताऱ्यांच्या कोरोनातही जवळपास तेवढंच आढळतं. तुमच्या क्वेसारला हे लावलं तर क्ष-किरण तेजस्विता १० चा ३७ वा घात वॅटच्या थोडी वर असायला हवी. १८ व्या प्रतीच्या, या अंतरावरच्या क्वेसारला ती अगदी स्वाभाविक आहे. म्हणजे कोरोनाही पुरेसा आहे.

आणि ऊर्जेचाच हिशोब करायचा तर तुमच्या क्वेसारची एकूण तेजस्विता १० चा ३९ वा घात वॅटच्या घरातली आहे. रेडिओत बाहेर पडते ती त्याच्या साधारण एक कोटीव्या भागाइतकी. क्वेसारच्या प्रारणाने ढकललेले वायूचे वारे आसपासच्या वायूवर आदळून धक्कालहरी तयार करतात. त्यातला अत्यल्प अंश जरी इलेक्ट्रॉनांना वेग देण्यात खर्ची पडला तरी हा रेडिओ प्रवाह मिळून जातो. छोट्या झोताला तर त्याहून कमी कष्ट.

मला या विषयात सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट, म्हणून तिच्यावर रेंगाळते आहे. रेडिओ-प्रखर क्वेसारमध्ये ऊर्जेची मागणीच इतकी मोठी असते की झोताशिवाय दुसरा कुणी ती पुरवू शकत नाही. तिथे तेजस्विताच उगम सांगून जाते. शांत क्वेसारमध्ये मागणी इतकी क्षुल्लक आहे की तारे, वारा, कोरोना, झोत, कुणीही ती एकट्याने भागवू शकतो. तेव्हा ‘अमुक यंत्रणेतून एवढी तेजस्विता निघू शकते’ हे वाक्य इथे पुरावा म्हणून निरुपयोगी आहे. ते चौघांबद्दलही खरं आहे. तुम्ही वाचलेल्या निबंधाचा मुख्य युक्तिवाद एवढाच असेल, तर तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. मार्गदर्शकांनाही हेच नम्रपणे विचारता येईल.

मग वेगळं करायचं कसं? मी स्वतः ज्या क्रमाने जाते तो सांगते. सगळीकडे हाच क्रम असावा असं नाही. कुठली माहिती आधीच उपलब्ध आहे त्यावर बरंच अवलंबून असतं.

आधी ठिपक्याच्या आकाराबद्दल. तुमच्या नकाशातला बीम ५ आर्कसेकंदांचा आहे. रेडशिफ्ट ०.५ ला एक आर्कसेकंद म्हणजे सुमारे ६ किलोपार्सेक (एक पार्सेक म्हणजे सुमारे सव्वातीन प्रकाशवर्षं), तेव्हा तुमचा बीम ३० किलोपार्सेक व्यापतो. अख्खी दीर्घिका, तिचे हात, तिचं केंद्र, सगळं त्या एका ठिपक्यात मावतं. ‘बिंदुवत’ याचा अर्थ इथे एवढाच की उगम ३० किलोपार्सेकहून फार मोठा नाही. तारानिर्मिती असती तरी ठिपका असाच दिसला असता.

आकाराची ही गोष्ट आकड्यात मांडायची रीत म्हणजे दीप्ती-तापमान. एवढ्या कोनीय आकारातून एवढा प्रवाह यायचा, तर त्या वारंवारतेला उष्णतेने तितकाच चमकणारा पिंड किती तापलेला असावा लागेल, तो हा आकडा. प्रवाह जान्स्कीत, वारंवारता गिगाहर्ट्झमध्ये आणि उगमाची लांबी-रुंदी मिलिआर्कसेकंदांत घ्या. १.२२ गुणिले १० चा १२ वा घात याला प्रवाहाने आणि ‘एक अधिक रेडशिफ्ट’ने गुणा, मग वारंवारतेच्या वर्गाने आणि लांबी-रुंदीच्या गुणाकाराने भागा. तुमच्या नकाशासाठी उत्तर येतं जेमतेम ४ केल्विन. हो, चार. उगम बीमपेक्षा लहान असू शकतो, म्हणून ही किमान मर्यादा आहे. पण या किमान मर्यादेतून काहीच वगळलं जात नाही.

आता समजा तोच ०.१ मिलिजान्स्की खंडभर पसरलेल्या अँटेनांच्या जाळ्याने, म्हणजे व्हीएलबीआय पद्धतीने, १० बाय ५ मिलिआर्कसेकंदांच्या बीममध्ये पकडला. वारंवारता तीच, १.४ गिगाहर्ट्झ. उत्तर एकदम १९ लाख केल्विनच्या आसपास जातं. तारानिर्मिती करणाऱ्या प्रदेशांचं दीप्ती-तापमान १ गिगाहर्ट्झच्या वर साधारण एक लाख केल्विनच्या पुढे जात नाही. त्याचं कारण भौतिक आहे: अशा प्रदेशात आयनीभूत वायू दहा हजार केल्विनचा असतो, आणि सुपरनोव्हांतून निघालेल्या इलेक्ट्रॉनांचं प्रारण त्यात मिसळलं तरी एकूण चमक त्याच्या दहापटीच्या आसपासच थांबते. तेव्हा १९ लाख आले तर तारे बाद, निदान त्या ठिपक्यापुरते. प्रवाहाचा निम्माच भाग व्हीएलबीआयवर सापडला, तरी त्या निम्म्या भागाचा प्रश्न निर्विवाद सुटतो. इथे एक शंका नेहमी येते की एखादा ताजा रेडिओ सुपरनोव्हा असला तर? आर्प २२० या जोरदार तारानिर्मितीच्या दीर्घिकेत असे सुपरनोव्हा व्हीएलबीआयने खरोखरच दिसले आहेत. पण आर्प २२० आपल्यापासून सुमारे ८० मेगापार्सेकवर आहे आणि तुमचा क्वेसार २,८०० वर. तिथले तेच सुपरनोव्हा हजारपटीहून अधिक अंधुक दिसतील. तुमच्या बाबतीत ही शंका सोडून द्यायला हरकत नाही.

हे नुसतं तोंडी गणित नाही. कॉसमॉस या आकाशाच्या खोलवर तपासलेल्या तुकड्यातल्या रेडिओ-शांत क्वेसारांवर २०१६ मध्ये एर्रेरा रुईझ आणि सहकाऱ्यांनी हीच कसोटी लावली. तीन क्वेसार व्हीएलबीआयवर सापडले, आणि त्यांच्या एकूण रेडिओ प्रवाहाचा निम्मा ते पाऊण भाग केंद्रातल्या घट्ट उगमातून येत होता. एचएस ०८१०+२५५४ हा गुरुत्वीय भिंगामुळे मोठा होऊन दिसणारा शांत क्वेसार तर माझ्या विशेष आवडीचा. भिंगाने मदत केली नसती तर ज्याचा रेडिओ प्रवाह आपल्या हातीच लागला नसता, त्याच्यात केंद्राच्या दोन्ही बाजूंना दोन घट्ट घटक सापडले. झोताची याहून सरळ खूण क्वचितच मिळते.

पण उलटी बाजू तेवढीच लक्षात ठेवा. व्हीएलबीआयवर काही दिसलं नाही, तर झोत नाही असं सिद्ध होत नाही. लांब अंतरावरच्या अँटेनांच्या जोड्या पसरट चमक पाहूच शकत नाहीत. काही शे पार्सेक लांबीचा, मऊ कडांचा झोत त्यांच्या नजरेतून पूर्ण निसटतो. म्हणून ३० किलोपार्सेक आणि ३० पार्सेक यांच्या मधली पट्टी, म्हणजे ०.१ ते ०.५ आर्कसेकंदांची विभेदनक्षमता, मला फार मोलाची वाटते. ‘लोफार’ या कमी वारंवारतेच्या रेडिओ दुर्बिणीच्या आंतरराष्ट्रीय स्थानकांसह १४४ मेगाहर्ट्झवर ०.३ आर्कसेकंदांपर्यंत जाता येतं. तिथे एक फायदाही आहे: दीप्ती-तापमानाच्या सूत्रात वारंवारतेचा वर्ग छेदात असल्याने कमी वारंवारतेला तेवढ्याच आकाराचा उगम कितीतरी ‘तप्त’ ठरतो. मात्र तारानिर्मितीची कमाल मर्यादाही तिथे एक लाखावर राहत नाही, काही लाखांवर सरकते. ही दुरुस्ती विसरून काढलेले निष्कर्ष मी पाहिले आहेत.

व्हीएलबीआयचा वेळ मिळेलच असं नाही, म्हणून दुसरी कसोटी: दूर-अवरक्त प्रकाश. तारानिर्मिती करणाऱ्या दीर्घिकांत दूर-अवरक्त आणि रेडिओ तेजस्विता एकमेकींना विलक्षण घट्ट बांधलेल्या असतात. जड तारे धूळ तापवतात, तेच तारे मरताना सुपरनोव्हांतून इलेक्ट्रॉन पळवतात, म्हणून दोन्ही एकाच दराचं माप देतात. तुमचा सगळा रेडिओ ताऱ्यांचा असेल तर वर्षाला ५० सूर्यवस्तुमानं या दराने दीर्घिकेची अवरक्त तेजस्विता सुमारे ३०० अब्ज सूर्यांइतकी असायला हवी. हर्शेल या अवरक्त अवकाश दुर्बिणीच्या संग्रहात तुमचं क्षेत्र असेल तर तपासा. अवरक्त त्याहून स्पष्टपणे कमी निघालं, तर उरलेला रेडिओ ताऱ्यांचा नाही. ही कसोटी एका दिशेने भक्कम आहे आणि दुसऱ्या दिशेने कच्ची. अवरक्त पुरेसं निघालं म्हणून रेडिओ ताऱ्यांचाच असं होत नाही, कारण क्वेसार स्वतःही धूळ तापवतो. त्याची तप्त धूळ १० ते ३० मायक्रॉनला उजळते, ताऱ्यांनी तापवलेली थंड धूळ १०० मायक्रॉनच्या आसपास. म्हणून २४ मायक्रॉनच्या मोजमापावरून तारानिर्मिती काढू नका, कितीही सहज उपलब्ध असलं तरी. थोड्या अभ्यासकांचं तर असं मत आहे की क्वेसारची उष्णता दूर-अवरक्तातही बरीच झिरपते. तसं असेल तर ताऱ्यांचा वाटा आपण नेहमी जास्तच धरतो. हर्शेलचा २५० मायक्रॉनचा बीम १८ आर्कसेकंदांचा आहे, तेव्हा शेजारची दीर्घिका त्यात मिसळलेली नाही ना, तेही बघा.

तुमच्या मार्गदर्शकांचं म्हणणं हवेतून आलेलं नाही हे इथे सांगायला हवं. २०११ मध्ये किंबल आणि सहकाऱ्यांनी ०.२ ते ०.३ रेडशिफ्टच्या १७९ क्वेसारांचं ६ गिगाहर्ट्झवर निरीक्षण केलं. तेजस्वितेच्या वितरणात कमी बाजूला एक ठळक उंचवटा दिसला, आणि त्याचा सहज अर्थ तारानिर्मिती असाच लागतो. उलट झाकाम्स्का आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये अधिक तेजस्वी क्वेसारांच्या यजमान दीर्घिकांचा अवरक्तावरून हिशोब केला, तर तारानिर्मिती रेडिओला जवळपास दहापटीने कमी पडली. दोन्ही काम प्रामाणिक आहे. नमुना वेगळा, क्वेसारची तेजस्विता वेगळी, म्हणून उत्तर वेगळं. माझा स्वतःचा कल असा: मंद क्वेसारांत ताऱ्यांचा वाटा मोठा असतो आणि क्वेसार जसजसा तेजस्वी होतो तसतसा केंद्राचा वाटा वाढत जातो. ताऱ्यांचा वाटा शून्य असलेला क्वेसार मला पटत नाही, आणि केंद्राचा वाटा शून्य असलेलाही नाही.

वर्णपटाच्या उताराबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. उतार उपयोगी आहे, पण लोक त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवतात. पारदर्शक सिंक्रोट्रॉन प्रारणाचा (चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांच्या लहरींचा) उतार उणे ०.७ च्या आसपास, आयनीभूत वायूच्या फ्री-फ्री प्रारणाचा (आयनांजवळून जाणाऱ्या मुक्त इलेक्ट्रॉनांच्या लहरींचा) उणे ०.१, आणि स्वतःचेच किरण शोषणाऱ्या घट्ट उगमांचा सपाट किंवा उलटा. तेव्हा सपाट उतार मिळाला तर कोरोना, झोताचा पाया किंवा आयनीभूत वायू. तीव्र उतार मिळाला तर तारे, वारा किंवा झोताचा बाहेरचा भाग. प्रत्येक खणात एकाहून अधिक पाहुणे आहेत.

आणि उतार मोजण्यातच फसगत होते. सुरुवातीच्या वर्षांत मी एका शांत क्वेसारचा उतार उणे १.३ काढला आणि जुने, थकलेले इलेक्ट्रॉन असा अर्थ लावून दोन पानं लिहिली. नंतर लक्षात आलं की १.४ गिगाहर्ट्झचा नकाशा ५ आर्कसेकंदांचा होता आणि ५ गिगाहर्ट्झचा अर्ध्या आर्कसेकंदाचा. दुसऱ्या नकाशात पसरट चमक गाळली गेली होती, म्हणून उतार तीव्र दिसत होता. दोन्ही नकाशे एकाच विभेदनक्षमतेवर आणल्यावर उणे ०.६ आला आणि ती दोन पानं गेली. तेव्हापासून बीम जुळवल्याशिवाय मी भागाकारच करत नाही. दोन निरीक्षणांत काही वर्षांचं अंतर असेल तरीही जपा, कारण हे उगम बदलू शकतात. फर्स्टमध्ये न दिसलेले काही क्वेसार पुढे व्हीएलए आकाश सर्वेक्षणात रेडिओ-प्रखर होऊन समोर आले आहेत. असा बदल स्वतःच मोठा पुरावा असतो, कारण अख्खी दीर्घिका दहा-वीस वर्षांत चमक बदलू शकत नाही.

वाऱ्याबद्दल थोडं. हा पर्याय वेगळा काढणं मला सर्वांत अवघड वाटतं. ५००७ अँगस्ट्रॉमच्या ऑक्सिजन रेषेची रुंदी जास्त तिथे रेडिओही जास्त, असा संबंध अनेक नमुन्यांत दिसतो. वायू वेगाने हलतोय आणि रेडिओ निघतोय, तेव्हा धक्कालहरी रेडिओ देत असाव्यात, हा सरळ अर्थ. पण कमजोर झोतही वायू ढवळतो, मग कारण कोणतं आणि परिणाम कोणता? ‘टीकप’ या टोपणनावाच्या क्वेसारचं उदाहरण बोलकं आहे. वर्गीकरणाने तो शांत, पण त्याच्यात सुमारे दहा किलोपार्सेकचे रेडिओ बुडबुडे आहेत आणि केंद्राजवळचा वायू जोराने बाहेर फेकला जातोय. ते बुडबुडे वाऱ्याने फुगवले की झोताने, यावर आजही दोन्ही बाजूंनी बोलता येतं. तुमच्याकडे दृश्य वर्णपट आहेच, तेव्हा ती रेषा बघा. रुंद आणि निळ्या बाजूकडे झुकलेली असेल तर अहवालात नोंदवा, पण त्यावरून वारा ठरवू नका.

कोरोनाची कसोटी मात्र वेगळ्याच दिशेला आहे, मिलिमीटर लहरींत. स्वशोषण करणाऱ्या उगमाचा दिसणारा आकार वारंवारता वाढली की जवळपास त्याच प्रमाणात आक्रसतो. त्यामुळे १०० गिगाहर्ट्झला आपण कृष्णविवराच्या खूप जवळ पोचतो, आणि तिथे तारे किंवा पसरट झोत यांची सिंक्रोट्रॉन चमक उताराने खाली गेलेली असते. जवळच्या सक्रिय दीर्घिकांत ‘अल्मा’ या मिलिमीटर लहरींच्या दुर्बिणीने या पट्ट्यात अपेक्षेहून जास्त प्रवाह पाहिला आहे, आणि तो क्ष-किरणांशी जुळतो. त्याही वर, काही शे गिगाहर्ट्झला, धूळ पुढे येते, म्हणून १०० च्या आसपासची खिडकीच कामाची. तुमचा क्वेसार यासाठी जरा दूर आणि अंधुक आहे, पण कल्पना म्हणून माहीत असू द्या.

इथवर जे म्हटलं ते तुमच्या क्वेसारपुरतं आवरते. तेजस्वितेवरून काही ठरत नाही. बिंदुवत दिसण्यावरून तर नाहीच. अवरक्त कमी निघालं तर तारे अपुरे ठरतात. व्हीएलबीआयवर सापडला तर केंद्र ठरतं. उतार, बदल आणि ऑक्सिजन रेषा या साक्षी आहेत, निकाल नव्हेत.

एक गोष्ट मात्र या सगळ्याच्या आधी करायची, आणि तुमच्या मजकुरात तिचा उल्लेख नाही. ०.१ मिलिजान्स्की हा आकडा पक्का आहे का? त्या जागेभोवतीची गोंगाट-पातळी किती आहे? ती २० मायक्रोजान्स्की असेल तर तुमचा ठिपका पाचपटीवर आहे; चालेल, पण वीस टक्के अनिश्चितता प्रत्येक पुढच्या आकड्याला चिकटेल. जवळपास एखादा प्रखर उगम असेल तर त्याच्याभोवतीचे अंशांकनातल्या (दुर्बिणीच्या जुळणीतल्या) चुकांचे पट्टे खोटे ठिपके आणि खोट्या शेपट्या तयार करतात. अशीच एक शेपटी मी एकदा आठवडाभर झोत समजले होते. शेजारचा उगम नीट वजा केल्यावर ती गेली. आणि यादीतल्या न दिसणाऱ्या क्वेसारांचे नकाशे एकावर एक रचून सरासरी काढायचा तुमचा विचार असेल, तर फर्स्टच्या बाबतीत एक गोष्ट माहीत हवी. मर्यादेखालच्या अंधुक उगमांचा प्रवाह त्यात पद्धतशीरपणे कमी येतो, म्हणून रचलेला प्रवाह साधारण १.४ ने गुणावा लागतो. सरासरीऐवजी मध्यक घ्या, नाहीतर दोन-चार प्रखर क्वेसार सगळ्यांच्या नावाने बोलतील.

निरीक्षणाचा वेळ मागायची संधी असेल तर मी तुमच्या जागी पहिल्यांदा अर्ध्या आर्कसेकंदाचं ५ किंवा ६ गिगाहर्ट्झचं निरीक्षण मागेन, व्हीएलबीआय नंतर. अर्धा आर्कसेकंद म्हणजे तीन किलोपार्सेक, १.४ गिगाहर्ट्झवरून अपेक्षित ४० मायक्रोजान्स्की त्यात पूर्ण सापडले तर उगम केंद्रापाशी आहे आणि व्हीएलबीआयचा अर्ज सबळ होतो. निम्मेच सापडले तर उरलेले दीर्घिकेत पसरलेत, आणि मग अवरक्ताचा हिशोब आधी पुरा करायचा. तोवर अहवालात ‘उगम अनिश्चित, सगळा रेडिओ तारानिर्मितीचा मानल्यास कमाल दर वर्षाला सुमारे ५० सूर्यवस्तुमानं’ असं लिहा. ‘कमाल’ हा शब्द गाळू नका. हर्शेलचा आकडा मिळाला तर इथेच टाका, मी हिशोब तुमच्याबरोबर पुन्हा करून बघते.